त्या सोमवारी मी हजर होते

"स्कॉलरशिपवाले उभे राहा. मोजायचंय."

बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. जळगावचं कॉलेज. वर्गात नव्वद पोरं-पोरी, केमिस्ट्रीचा तास चालू, आणि ऑफिसातले क्लार्क दारातूनच बोलले. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. शिकवणारे सर आमचे विभागप्रमुख. ते फळ्यावर लिहीत होते, थांबले. खडू हातात धरून गालात हसत उभे राहिले.

आम्ही बारा जण उठलो. भाऊसाहेबांनी बाजारात शेळ्या मोजतात तसं बोट नाचवून मोजलं. मग कागदावर आकडा टाकत म्हणाले, "चला, सरकारचे जावई बारा."

वर्ग हसला. मी पोरगी, तरी जावईच. सरही हसले. मी खाली बसले तेव्हा कान तापले होते आणि फळ्यावरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

तोवर मी आणि शेजारची पोरगी डबा एकत्र खायचो. माझी कळण्याची भाकरी आणि ठेचा तिला फार आवडायचा. दुसऱ्या दिवसापासून तिचा उपास सुरू झाला. सोमवारी उपास, मंगळवारी उपास, शनिवारी पण उपास. एवढी धार्मिक पोरगी मी जन्मात पाहिली नाही.

आमचं गाव एरंडोलजवळ. आबा गवंड्याच्या हाताखाली, माय जळगावच्या डाळ मिलमध्ये डाळ निवडायला. सकाळी आम्ही दोघी एकाच एस.टी.नं यायचो. ती मिलकडे जायची, मी कॉलेजकडे. उभं राहायचं दुःख तिला काय सांगणार? ती आठ-आठ तास उभीच असायची.

कॉलेजात एक पद्धत होती. ऑफिसात बोलावायचं असलं की शिपाई चिठ्ठी घेऊन वर्गात यायचा. चिठ्ठीवर नाव आणि 'ऑफिसात भेटा', बस. कशाला ते लिहायचे नाहीत. ज्याचं नाव, त्यानं नव्वद जणांसमोर उठायचं. आमच्या नावाची चिठ्ठी आली की ती स्कॉलरशिपच्या खिडकीचीच. जातीच्या दाखल्याची झेरॉक्स आणा. आणली की म्हणायचे, अजून एक आणा. ती दिली की पहिली हरवलेली असायची.

तिसऱ्या वर्षी एकदा मला त्या खिडकीवर तासभर उभं ठेवलं. भाऊसाहेब चहा प्याले, फोनवर भाच्याच्या लग्नाचं बोलले, मग माझ्याकडे न बघता मागच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "फुकटात शिकायचंय, आणि घाई पण यांनाच." मागच्या रांगेत फी भरायला आलेली माझ्या वर्गातली सपना होती. धान्याच्या व्यापाऱ्याची मुलगी. तिनं मान खाली घातली. तिची मान खाली गेली याचाच मला जास्त राग आला.

त्या दिवशी ठरवलं. मेले तरी या खिडकीवर परत पाय ठेवणार नाही. स्कॉलरशिप गेली खड्ड्यात, असं वर्गात मोठ्यानं बोललेही. याला मी बंड समजले. वीस वर्षांची होते, डोकं गरम होतं, आणि कुणाचा भरवसा म्हणून उरला नव्हता. कुणी चांगलं बोललं की वाटायचं, याला काय पाहिजे असेल?

त्याच महिन्यात पुण्याच्या एका सरकारी प्रयोगशाळेनं परीक्षा घेतली होती. प्रत्येक कॉलेजातून एक विद्यार्थी, दोन महिने उन्हाळी प्रशिक्षण, राहायची सोय त्यांची. तिथून शिफारस मिळाली की एम.एस्सी.ला पुण्यात जायचा रस्ता उघडा. माझा पेपर फर्मास गेला होता. मी रोज सकाळी वर्गाआधी नोटीस बोर्ड बघायची. निकाल बोर्डावर लागतो, एवढंच मला माहीत.

आणि एका सोमवारी, साडेअकराच्या सुमाराला, नाना चिठ्ठी घेऊन आले. नाना म्हणजे आमच्या विभागाचे शिपाई, म्हातारा माणूस. जागेवर येऊन हळूच बोलले, "बेटा, तुले बलायेल शे."

मी चिठ्ठी हातातसुद्धा घेतली नाही. म्हटलं, "नाना, मी आज आलेच नाही म्हणून सांगा."

"जाय ना बेटा. काय तरी कागद शे."

"आलेच नाही म्हणा."

नाना भला माणूस. मी सांगितलं तसं त्यांनी केलं. चिठ्ठी परत गेली, मागच्या बाजूला 'गैरहजर' लिहून.

बुधवारी बोर्डावर निकाल लागला. सपनाचं नाव होतं.

गुरुवारी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. सरांनी चष्मा काढला. म्हणाले, "पहिलं नाव तुझंच होतं. बुधवारी दुपारपर्यंत संमती पाठवायची होती. चिठ्ठी पाठवली, तू आली नाहीस. कॉलेजची जागा वाया घालवू का?" मग चष्मा चढवून, शांतपणे, "संधी द्या म्हणता. दिली की घ्यायला येत नाही. हेच तर आहे तुमच्या लोकांचं."

चिठ्ठी आली होती, खरं. मी गेले नव्हते, हेही खरं. मी केबिनमधून 'सॉरी सर' म्हणून बाहेर आले. आज ते 'सॉरी' आठवलं की स्वतःच्या तोंडात मारावंसं वाटतं.

मायला सांगितलं. तिनं परातीत पीठ घेतलं. मग म्हणाली, "बलायं व्हतं तर जावानं ना बेटा. तुना कोनावर भरोसाच नही." एवढंच बोलली आणि भाकरी थापायला लागली. तिच्या दृष्टीनं तो विषय तिथंच संपला. माझा पुढं अठरा वर्षं चालू राहिला.

एम.एस्सी. राहिली ती राहिलीच. आज मी धुळ्यात एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. ब्युरेटा धुते, द्रावणं करून ठेवते. नवीन लागलेले प्राध्यापक हळूच येऊन विचारतात, "ताई, याची नॉर्मॅलिटी किती ठेवायची?" मी सांगते. ते वर्गात जाऊन शिकवतात. ते साहेब, मी ताई.

स्वभाव मात्र बिघडला तो बिघडलाच. प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्सा ठेवते. कुणी फुकट चहा पाजला तर दिवसभर विचार करते. नवरा म्हणतो, "तुला भाजीवालीनं कोथिंबीर जास्त दिली तरी तू तिची चौकशी लावशील." हसायला येतं, पण त्याच्या खाली माझं काय चालतं ते मला माहीत. माझ्या हातानं मी माझा रस्ता बंद केला. दुसऱ्या कुणी नाही. अठरा वर्षं मी हे रोज घोकलं.

यंदा जळगावच्या त्याच कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठेवला. मला व्हॉट्सॲपवर निमंत्रण, वर फोन. "ताई, तुम्ही नक्की यायचं, तुम्हाला पुढच्या रांगेत बसवतो." झालं, मला शंका. मला कशाला पुढे? तरी गेले. काय ते बघू म्हटलं.

सर आले होते. रिटायर झालेले, केस पांढरे, प्रमुख पाहुणे. चहाच्या वेळी सपना स्वतःहून माझ्याकडे आली, गळ्यात पडली. ती आता बडोद्याला औषधाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. मोकळी बाई. जुन्या गोष्टी निघाल्या, आणि ती सहज बोलून गेली, "माझं सगळं त्या पुण्याच्या ट्रेनिंगमुळे गं. आणि काय योग, सर ते पत्र घेऊन स्वतः घरी आले, त्याच दिवशी माझ्या भावाची सगाई. सगळ्या पाहुण्यांसमोर पप्पांनी संमतीपत्रावर सही केली. थांब, फोटो आहे."

तिनं मोबाईल काढला. जुन्या अल्बमवरून काढलेला फोटो. मांडव, पेढ्यांची ताटं, तिचे पप्पा, शेजारी सर, सरांच्या हातात लांब पाकीट. कोपऱ्यात जुन्या कॅमेऱ्याची नारिंगी तारीख.

मी म्हटलं, "हा फोटो पाठवशील मला?"

"का गं?"

"आठवण म्हणून."

तिनं लगेच पाठवला. तिच्या मनात काही नव्हतं, हे मला कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणावर शंका आली नाही, आणि तेव्हाच माझी नजर त्या नारिंगी तारखेवर अडकली.

तेवढ्यात स्टेजवरून सूत्रसंचालक बोलला. तरणा प्राध्यापक, गोड आवाज. "आता आपण सत्कार करणार आहोत शासनाच्या सवलतीचा लाभ घेऊन पुढे आलेल्या माजी विद्यार्थ्यांचा. कृपया त्यांनी आपापल्या जागी उभं राहावं."

म्हणजे पुढची रांग याच्यासाठी होती. या वेळी टाळ्या होत्या आणि शाल-श्रीफळ होतं. पण बोट तेच, मोजणं तेच. आजूबाजूला चार-पाच जण उठले. कार्यकर्ता माझ्या खुर्चीपाशी वाकला, "ताई, उठा ना, तुमचं नाव आहे यादीत."

"मी पेपर लिहून पास झाले. मी बसूनच बरी आहे."

"असं कसं ताई, शाल आणलीय तुमच्यासाठी."

"ती सरांना घाला. त्यांना थंडी वाजत असेल."

सरांनी स्टेजवरून बघितलं. ओळखलं की नाही, कोण जाणे.

रात्री धुळ्याला पोचले. चप्पलही न काढता पलंगाखालची पेटी ओढली. तळाशी माझं तिसऱ्या वर्षाचं केमिस्ट्रीचं जर्नल. प्रॅक्टिकल झालं की सर रीडिंग तपासून त्याच दिवशी सही करायचे, खाली तारीख टाकायचे. आमच्या सरांचा तो नियम कडक होता. मी पानं उलटली. मिठाचं विश्लेषण. लाल शाईची सही. खाली तारीख. फोटोतली तारीख आणि ही तारीख एकच, त्याच सोमवारची.

मग सगळं आठवलं, डोळ्यासमोर उभं राहिलं. सोमवारी दुपारी दोन ते पाच प्रॅक्टिकल होतं. मी परीक्षानळी धरून उभी होते. सर माझ्या टेबलापाशी आले, वाकून बघितलं, म्हणाले, "परत कर, रंग नीट आला नाही." मी परत केलं. त्यांनी सही केली. माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर ते उभे होते, कदाचित ते पत्र त्यांच्या ड्रॉवरमध्ये होतं, आणि त्याबद्दल तोंडातून शब्द काढला नाही. संध्याकाळी तेच पत्र घेऊन ते स्वतः धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरी गेले. मुदत बुधवारपर्यंत होती.

साडेअकराला गैरहजर. दुपारी त्यांच्याच सहीनं हजर. सपनाकडे पत्र घरपोच, आणि मला स्कॉलरशिपच्या खिडकीची चिठ्ठी. प्रयोगशाळेचं पत्र सरांकडे, तर बोलावणं त्या खिडकीचं कसं? मी तिथं जाणार नाही हे कॉलेजात कुणाला माहीत नव्हतं? आणि मला हे तेव्हाच का सुचलं नाही? कारण मी स्वतःला दोषी धरून बसले होते. माझं मीच त्यांचं काम करून ठेवलं. मी जर्नल मांडीवर घेऊन रडले. रागानं रडले. नवरा उठून आला, काही न विचारता पाणी ठेवून गेला.

परवा मी जळगावला गेले. माहिती अधिकाराचा अर्ज. त्या महिन्याच्या आवक नोंदवहीची प्रत पाहिजे. पुण्याचं पत्र कोणत्या तारखेला आलं, कुणाच्या हातात दिलं, माझ्या नावापुढं काय शेरा मारला. अर्ज स्वीकारायची खिडकी कोणती, तर तीच. शेवटची तिथून गेले तेव्हा शपथ घेतली होती. ती शपथ मी मोडली. बंड म्हणून खिडकी टाळायची, ही चूक पुन्हा करणार नाही.

भाऊसाहेब आता नाहीत. नवीन पोरगेलासा क्लार्क. अर्ज वाचून त्यानं मान वर केली.

"मॅडम, एवढं जुनं रजिस्टर कुठं असतं का?"

"नसेल तर नाही म्हणून लिहून द्या. सहीशिक्क्यानिशी."

"ठेवून जा. साहेब आले की बघतो. पोच उद्या-परवा घेऊन जा."

"पोच आत्ता द्या."

त्यानं माझ्या मागं बघितलं. फॉर्म घेऊन उभ्या असलेल्या पोरींची रांग लागली होती. त्यातली एक दाखल्याची झेरॉक्स ओढणीखाली धरून होती. मी तिच्याकडे बघून सरकले, तिला माझ्या शेजारी जागा केली. म्हटलं, "दोन झेरॉक्सा काढ. दिलेल्या कागदाची पोच घेतल्याशिवाय हलू नकोस. आणि कुणी बोलावलं तर जा. जाऊन विचार, कशाला बोलावलं."

नोंदवहीत काय निघेल ते मला माहीत नाही. माझी चूक निघाली तर ती मी घेईन. माझ्या वाट्याची तेवढी. त्यांच्या वाट्याची मी अठरा वर्षं वाहिली, ती आता खाली ठेवलीय.

"मॅडम, निदान बसा तरी तिकडे," क्लार्क म्हणाला.

"नको. मी इथंच उभी राहते."

तेव्हा सव्वाबारा वाजले होते. रजा मी अख्ख्या दिवसाची टाकली होती, आणि उद्याचीही.