नाव घ्या

“मर्जी त्याची, हात माझे. आता हलू नका.” जखमेवरची पट्टी सोडण्याआधी ती एवढेच म्हणे. उजव्या बाहीला दोन घड्या घाली, क्षणभर डोळे मिटी आणि कामाला लागे. प्रार्थनेला तिने यापेक्षा जास्त वेळ दिल्याचे मी पाहिले नाही.

मी तिला प्रथम पाहिले ते किल्लारीला, भूकंपानंतर उभारलेल्या तंबूत. ती लातूरजवळच्या मुरुडच्या मिशन दवाखान्यातली परिचारिका होती, मी लातूरच्या शाळेत संस्कृत शिकवणारा मास्तर. माझ्याकडे जखमींची नावे लिहून घेण्याचे काम होते. मदतीच्या ट्रकबरोबर एक तरुण धर्मोपदेशक आला आणि जखमींसमोर उभा राहून, हा देवाचा कोप आहे, असे सांगू लागला. तिने त्याच्या हाती बादली दिली. “कोप असंल तर असंल, पास्टर. आधी पाणी आणा.” तो निमूटपणे गेला. तिच्या पदराला धरून उभी असलेली चार-पाच वर्षांची एस्तेर तेव्हा खुदकन हसली होती.

पुढे लातूरच्या गल्लीगल्लीत क्लासचे फलक लागले. एस्तेर अकरावीत गेली, तेव्हा या मायलेकींनी आमच्या घरावरची खोली भाड्याने घेतली. आई आठवडाभर मुरुडला नोकरीवर असे आणि शनिवारच्या एसटीने येई. एस्तेरला लहानपणापासून साखरेचा आजार होता. इन्सुलिनच्या बाटल्या आमच्या फ्रीजच्या दारात, दह्याच्या भांड्याशेजारी असत. सुई टोचायला खाली आली की ती मला छळे. “गुरुजी, माझं नाव कसं चालवायचं? एस्तेरः, एस्तेरौ?”

“परभाषेतले नाव आहे. ते अव्यय समज. कुठल्याही विभक्तीत बदलणार नाही.”

“म्हंजे मला काहीच होत न्हाई!” असे म्हणून ती जिना चढून जाई.

एव्हाना किल्लारीचा तो उपदेशक मोठा झाला होता. त्याच्या सभांत आजार बरे होतात अशी ख्याती होती. क्लासमधल्या मैत्रिणींबरोबर एस्तेर एका सभेला गेली. त्याने तिच्या मस्तकावर हात ठेवला आणि सांगितले, “औषध सोड, विश्वास धर.” दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, “गुरुजी, मी बरी झाले. आईला सांगू नका, शनिवारी मीच सांगणार हाय.”

नव्या बाटलीचे सील तसेच होते. मी रोज दही काढताना ते पाहत होतो. दुसऱ्याच्या श्रद्धेत आपण बोलू नये, असे माझ्या वडिलांनी मला शिकवले होते; त्या शिकवणीमागे मी लपलो. शुक्रवारी रात्री एस्तेर बेशुद्ध पडली; आम्ही तिला रुग्णालयात नेले. शनिवारच्या पहिल्या एसटीने तिची आई आली ती थेट रुग्णालयात. तोवर सारे संपले होते.

दफनाच्या वेळी तो उपदेशक तिला म्हणाला, “ताई, पोरीचा विश्वास कमी पडला. देवाची इच्छा.” घरी आल्यावर तिने मला विचारले, “गुरुजी, फ्रीज तुमचा. बाटली दिसली न्हाई?”

“दिसली.”

“बरं. खोली मी सोडत न्हाई. रोज तुमच्या दारावरून जाईन.”

तिने बदली लातूरच्या दवाखान्यात मागून घेतली आणि बोलल्याप्रमाणे केले. आमच्या घरचा चहा पुन्हा घेतला नाही, ती बाटलीही परत नेली नाही. चर्चमध्ये ती पहिल्या बाकावर बसे. सामूहिक प्रार्थनेत देवाच्या इच्छेची ओळ आली की ओठ घट्ट मिटून घेई आणि पुढच्या ओळीला पुन्हा उघडी. सूड एवढ्या शिस्तीने सांभाळता येतो, हे मला कोणत्याही ग्रंथात सापडले नव्हते.

काही वर्षांनी तो उपदेशकच तिच्या दवाखान्यात आला. साखरेने पाय चिघळला होता. मी गुडघ्याच्या दुखण्यासाठी रांगेत बसलो होतो. त्याने पाय स्टुलावर ठेवला. तिने बाहीला दोन घड्या घातल्या आणि हात मांडीवर ठेवून ती स्वस्थ बसली.

“सिस्टर, पट्टी...”

“आधी नाव घ्या.”

आपल्याकडे हा आग्रह लग्नमांडवात होतो. रांगेतल्या दोघी बायका हसल्याही. त्याचा चेहरा पाहून त्यांचे हसू विरले.

“कुणाचं?”

“ठाऊक हाय तुमाला.”

त्याने पायावरच्या पट्टीकडे पाहिले. “एस्तेर,” तो म्हणाला. मग तिने पट्टी सोडली, आणि इतक्या हलक्या हाताने की तो एकदाही कण्हला नाही. पुढे रोज हेच चालले. नाव घेतल्यावाचून पट्टी नाही. इन्सुलिनही तीच टोची. पाय पूर्ण बरा झाला.

त्याच पायाने तो पुढच्या सभेत मंचावर चढला आणि प्रभूने आपल्याला औषधावाचून बरे केले, असे त्याने सांगितले. हे कळल्यावर मी जिन्यात उभा राहून तिला म्हणालो, “सिस्टर, आता तरी सोडून द्या.”

“तुमी लवकर सोडता, गुरुजी. तवाबी सोडलंच की.”

ती वर गेली.

मागच्या पावसाळ्यात ती गेली. एस्तेरशेजारीच तिची जागा होती. उपदेशक आता वयस्कर झाला होता, तोच पुढे आला, डोळे मिटून म्हणाला, “देवाची इच्छा...”

लोक मला शांत मनुष्य म्हणून ओळखतात. त्या दिवशी मी काठी टेकत त्याच्यासमोर गेलो.

“आधी नाव घ्या.”

त्याने डोळे उघडले. “आमच्या या भगिनीचं...”

“मुलीचे.”

तो पुटपुटला.

“मोठ्याने,” मी म्हणालो. वर्गातला जुना आवाज होता तो; इतकी वर्षे कुठे होता कोण जाणे.

“एस्तेर,” तो म्हणाला. सगळ्यांनी ऐकले.

तो बाजूला झाला. मी मात्र तिथून हललो नाही. माझी पाळी राहिली होती. मी ओंजळीत माती घेतली आणि तेच नाव घेतले, मोठ्याने.