यजमान कोण

बाबा मंगळवारी गेले. मी कोरियात होते.

अकोला सोडलं त्या दुपारी तेच मला स्टेशनवर पोचवायला आले होते. जन्मभर पौरोहित्य केलेला माणूस. पोरगी नेमकं कशासाठी एवढ्या लांब चालली, हे त्यांना गाडी यायच्या आत समजून घ्यायचं होतं. मी सांगितलं, पांढरा उजेड देणारे कागदासारखे पातळ दिवे असतात. त्यात उजळणारे रेणू थोडे आणि त्यांना सांभाळणारे पुष्कळ. वीज आधी सांभाळणाऱ्यांकडे येते, ते ती पुढे देतात. इंग्रजीत त्यांना होस्ट म्हणतात. मी यजमान म्हणाले. निळ्या उजेडासाठी टिकाऊ यजमान मिळत नाही, आणि निळा विझला की पांढरा पिवळा पडतो. तोच शोधायला चालले.

"म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर तेज अन् यजमान उपाशी," बाबा म्हणाले. "आपल्या घरासारखंच झालं."

बाबांनी घरी जाऊन आईला सांगितलं. तिनं त्यातलं एवढंच धरलं की पोरगी यजमान शोधायला चालली. जठारपेठेत, आमच्या आळीत, तिनं तसंच सांगितलं. पुढे दर सुट्टीत शेजारच्या काकू विचारायच्या, "भेटले का वं यजमान?"

मी पोचले तेव्हा अग्नी देऊन झाला होता. दर्यापूरच्या चुलतभावानं दिला. दहाव्याला नदीवर गुरुजींनी विचारलं, "यजमान कोण?" मी पुढे झाले, तसे काका मध्ये आले. ज्यानं अग्नी दिला तोच बसेल, म्हणाले; शिवाय ही काय, परवा परत जाणार. गुरुजी बाबांच्याच हाताखाली शिकलेले. दर्भाची अंगठी त्यांना ना चुलतभावाला देववेना, ना मला. बाबांचं नाव आणि गोत्र माझ्या तोंडून उच्चारलं जावं, एवढंच मला हवं होतं. ते मोठ्यानं म्हणता येईना.

बायका सहसा तिथं येत नाहीत. आई आली होती, पायरीवर बसून होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "गावभर मीच सांगत होती, पोरगी यजमान शोधून राहिली म्हणून. भेटला तिले. आता बसू द्या."

कोणी हसलं नाही. काका बाजूला झाले. गुरुजींनी अंगठी माझ्या बोटात घातली.

निळ्याचा यजमान अजून टिकत नाही. बाबा नाहीत. जठारपेठेत आई आहे, आणि वर्षातून एकदा बाबांच्या श्राद्धाला मी तिथं यजमान म्हणून बसते.