पाळी गेली, असं मी सांगितलं होतं

ऑपरेशनपासून माझं देवीशी बोलणं बंद होतं. दरवर्षी घट मीच बसवायचे. पाळी आड येऊ नये म्हणून गोळ्या खायचे, जावेला ताम्हणही धरू द्यायचे नाही. एवढं करून तू माझ्या छातीतच गाठ ठेवलीस, हा राग मनातून जात नव्हता; तरी घरची रीत म्हणून त्या वर्षीही घट मीच बसवले. शिरूरच्या बाजारात माझा भाजीचा गाळा आहे. शून्यातून उभा केलेला. बाई आजारी आहे हे कळलं की समोरचा भाव पाडतो, म्हणून उपचाराला मुद्दाम दौंडला जात होते.

त्या दिवशी रक्ताच्या तपासणीत हाडांतलं एक एन्झाइम जरा वाढलेलं निघालं. पाळी गेल्यावर बायकांमध्ये ते थोडं वाढतं, म्हणून डॉक्टरांनी पाळीचं विचारलं. गेली, म्हटलं. श्रावणापासून काही दिसलं नव्हतं. मग काळजीचं दिसत नाही, पुन्हा तपासू, असं म्हणून त्यांनी पाळी गेलेल्या बायकांना देतात ती गोळी लिहून दिली.

खाली औषधांच्या दुकानात मी सवयीनं घासाघीस करत होते. दुकानदारानं वैतागून मला बाकावर बसवलं. शेजारी डोक्याला रुमाल बांधलेली पाटसकडची एक बाई होती. माझ्या पिशवीतून डोकावणारं जुन्या गोळ्यांचं पाकीट बघून तिनं विचारलं, "या कशाच्या वो, ताई?"

"घटाच्या. समद्याच घेत्यात की."

"औंदा कवा कवा घेतल्या?"

श्रावणातल्या पूजेला धरल्या त्या गौरी, नवरात्र होईस्तोवर चालूच, मी सांगितलं; आता पाळीच गेली, तशी नवी गोळी मिळाली, हेही सांगितलं. ती दमल्या आवाजात हसली. "मंग गेली कशावरनं म्हनता? तुमीच तर अडवून धरलीया. जावा वर, सांगा डाक्टरला."

तुला काय करायचंय, असं तोंडावर आलं होतं, पण भांडायला अंगात बळच नव्हतं. उठले आणि जिना चढले.

डॉक्टर रागावले. माझ्या आजारात त्या गोळ्यांना हातही लावायचा नाही, म्हणाले. पुन्हा रक्त घेतलं. पाळी गेलेली नव्हतीच. म्हणजे लिहिलेली गोळी माझ्या कामाची नव्हती, आणि वाढलेलं एन्झाइमही वयावर ढकलता येत नव्हतं. आजार हाडांत तर पसरला नाही ना, हे बघायला हाडांचा स्कॅन करावा लागला. तो निकाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले, मलाच ठाऊक.

हाडं स्वच्छ निघाली. औषध बदललं. ती बाई परत कधी दिसली नाही, तिचं नावही विचारायचं राहिलं. तिला कुणी पाठवलं, याचा वाद मी घालत नाही. मला एवढंच कळतं, की मी ज्या देवीशी अबोला धरला होता, तिनं माझ्याशी धरला नव्हता.

शेवटी डॉक्टरांना विचारलं, जगायची किती वर्षं धरू? पाच? दहा? ते म्हणाले, ते माझ्या हातात नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठीही अडून बसणारी मी, इथं घासाघीस केली नाही. हात जोडले आणि सावकाश जिना उतरले.