कॉलरमधली सुई

तीस वर्षं मी सोलापुरात यंत्रमाग चालवला. त्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून समोरच्याचे ओठ हलले की मान हलवायची सवय लागते. कान गेले, तरी सवय राहिली. 'ऐकू कमी येतं का?' असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरायचं.

पुढं शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तपासणीला लागलो. कपड्यात मोडकी सुई राहिली असेल, तर हातातलं डिटेक्टर बारीक शिटी वाजवतं. पहिल्याच दिवशी सुपरवायझर बाईंनी विचारलं, "काका, आवाज येतोय ना?" मी मान हलवली.

आठवड्यानं त्या मी पास केलेला सदरा घेऊन आल्या. त्यांनी कॉलरवरून डिटेक्टर फिरवलं. शेजारच्या मावशी दचकल्या. मला काहीच ऐकू आलं नाही. बाईंनी कॉलर उसवून सुईचं टोक माझ्या तळहातावर ठेवलं.

मी घाईघाईनं डिटेक्टरचा आवाज वाढवायला गेलो. "मोठा करून उपयोग न्हाय," कारखान्यातली यंत्रं दुरुस्त करणारा मेकॅनिक म्हणाला, "बारीक आवाजच तुमाला येत न्हाय. जाड करू की." त्यानं आतला स्क्रू फिरवत ती शिटी खाली आणली आणि एकदम भुंगा घुमल्यासारखं ऐकू आलं.

बाहेर टेम्पो भरून उभा होता. तो मीच थांबवला आणि आठवड्याचे गठ्ठे उतरवून पुन्हा तपासायला बसलो. तिसऱ्या गठ्ठ्यात भुंगा घुमला. सदरा सहा वर्षांच्या पोराच्या मापाचा होता. गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीवर 'तपासले' असं लिहिलेलं होतं आणि खाली माझी सही होती.