रिटामायचं कलम

आमच्या शेजारच्या वाडीतल्या रिटामायचा हात असा, की तिनं बांधलेलं आंब्याचं कलम कधी मेलं नाही. हे तिनंच आम्हाला इतक्यांदा सांगितलंय की खोटं कसं म्हणावं?

स्वराज्य मिळून दोनेक वर्षं झाली असतील. लग्नाच्या मांडवात उकळत्या रश्शाचं पातेलं कलंडलं ते थेट तिच्या जावयाच्या, पास्कलच्या पायावर. मुंबईच्या इस्पितळात नेला. जखम गुडघ्यापासून घोट्यापर्यंत, भरता भरेना. डॉक्टर म्हणाले, "त्याच्याच मांडीचं कातडं काढून लावू, नाहीतर पाय जाईल." चाकूचं नाव ऐकताच पास्कलनं खाटेचा दांडा धरला. पायाविना तो वाडीला पाणी कसं लावणार, या विचारानं त्याची बायको विनी रडायला लागली.

रिटामाय पुढं झाली. "माझं घ्या."

"मावशी, दुसऱ्याचं टिकत नाही. पण आत्ता तो अशक्त आहे, तोवर चार दिवसांचं पांघरूण म्हणून लावतो," डॉक्टर म्हणाले.

"माझं कलम, आणि चार दिवसांचं?"

लावलं, आणि खरंच धरलं! छान गुलाबी दिसायला लागलं. रिटामायनं देवळात मेणबत्त्या लावल्या आणि गावभर सांगितलं, "जावई आता अर्धा माझ्या रक्ताचा." मी विचारलं, "मग आता तोही तुझ्यासारखा भांडेल का गं?" तिनं मला चप्पल दाखवली.

पुढच्या आठवड्यात कडा काळ्या पडून सुटू लागल्या. आता रिटामायनं काय करावं? कलम सुटलं की ती जे करते तेच. कनवटीला कलमं बांधायचा केळीच्या सोपटाचा दोर होताच. जावयाचा पाय तिनं करकचून आवळला! नर्सनं किंचाळून वॉर्ड डोक्यावर घेतला.

डॉक्टर दोर सोडत म्हणाले, "मावशी, झाड भोळं असतं. माणसाचं शरीर परकं बरोबर ओळखतं. आधी पाहुणचार करतं, मग हाकलतं."

रिटामायचं तोंड एवढंसं झालं. "मुलगी दिली ती चालली. माझं कातडं तेवढं परकं?"

"मामी, मी नाही हाकललं," पास्कल काकुळतीला आला. "पायानं हाकललं."

"मग दे स्वतःचं! मी म्हातारी हूं का चूं न करता सोलून घेतलं, आणि तू एवढा बाप्या घाबरतोस?"

सगळ्या वॉर्डासमोर विचारल्यावर बिचारा काय करणार? डोळे मिटून त्यानं मांडी पुढं केली. मधल्या दिवसांत तब्येतही सुधारली होती. त्याचं कातडं त्याला धरलं ते कायमचं.

पास्कल चालत वाडीत आला तेव्हा रिटामायनं कलम बघावं तसा त्याचा पाय खाली बसून तपासला. मग आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्याच्यात ताकद येईस्तोवर ह्या पायावर मीच होते."

"तरीच," पास्कल म्हणाला, "पाय सारखा कुरकुरत होता!"

चप्पल या वेळी त्याच्या दिशेनं गेली. आणि पास्कल पळाला. दोन्ही पायांवर, चांगला विहिरीपर्यंत.