लाँच मागे फिरली की

लाँच एकदा थांबली तर काही नाही. पण पुढे जाऊन मागे वळली आणि त्याच घरासमोर दुसऱ्यांदा थांबली, की ते घर समुद्र नेतो. किनाऱ्याच्या रस्त्यावर ही गोष्ट आधी कुजबुजत निघाली आणि न्हाव्याच्या खुर्चीत बसून मोठी झाली. इस्त्रीवाल्याचं घर गेलं, त्याच्या चार दिवस आधी लाँच वळली होती. निवृत्त मास्तरांचं गेलं, त्याच्या सहा दिवस आधी. अशी चार घरं. लोकांना अजून काय पुरावा हवा!

लाँचवरून फोटो काढणारा तो भिंग्या. सातव्या वर्षी जाड चष्मा लागला तेव्हा पडलेलं नाव बावन्नाव्या वर्षीही चिकटून होतं. लग्न राहून गेलं. ‘मुलगी बघायला गेला तिथेही एक डोळा मिटून बघत बसला, कोण हो म्हणणार?’ असं सारंग सांगायचा. सारंग लाँच चालवायचा, आणि लाँचच्या इंजिनाआधी त्याच्या तोंडाचं सुरू व्हायचं.

समुद्र किनारा कुरतडत होता. कुठे आणि किती, हे कळावं म्हणून बंदराच्या मोजणी कचेरीने भिंग्याला ठेवला होता. रोज सकाळी तिवरांच्या टोकापासून जुन्या धक्क्यापर्यंत जायचं आणि ठरलेल्या अंतरावरून प्रत्येक घराचा एक फोटो काढायचा. मग केबिनमधल्या लॅपटॉपवर कालचा फोटो आणि आजचा एकावर एक ठेवायचा आणि एकच बटण दाबत राहायचं. काल, आज, काल, आज. जे जागचं हललं नाही ते गप्प राही. जे हललं ते टुणकन उडी मारी. भिंतीने उडी मारली की लाँच वळवून जवळून दुसरा फोटो घ्यायचा. तो कचेरीत गेला की घर रिकामं करायची नोटीस लागे.

थंडीत तिथलं पाणी कोमट आणि हवा गार. सकाळी पाण्यावरून वाफ उठायची आणि तिच्यातून लाँचचं नाक बाहेर आलं की पहिली खिडकी धाडकन लागे. मग दुसरी, मग तिसरी. आवाज किनाऱ्याने लाँचच्या पुढे पुढे पळत जाई. दोरीवरचे कपडे ओढले जात, ओट्यावरचं मांजरसुद्धा बखोटीला धरून आत नेलं जाई. भिंग्याच्या वर्षभराच्या फोटोंत एकही माणूस नव्हता. बघणाऱ्याला वाटावं, ही वस्ती केव्हाच उठून गेली आणि जाताना दारं-खिडक्या तेवढ्या मागे ठेवल्या.

घरं चौऱ्याऐंशी, फोटो मात्र त्र्याऐंशी. राहिलेलं घर आक्काचं. आई गेल्यावर हिनेच भिंग्याला वाढवलेला. इस्त्रीवाल्याचं घर गेलं त्याच आठवड्यात तिने त्याला ताटावर धरला.

“माझ्या घराकडे ते लावायचं नाही. आईची शपथ घे.”

“आक्का, फोटोने घर पडतं का कुठे?”

“मला नको शिकवू. शेंबूड पुसलाय तुझा मी. घे शपथ, मग भात वाढते.”

भिंग्याने शपथ घेतली. भातासाठी नाही, आक्कासाठी. दुसऱ्या दिवसापासून लाँच तिच्या घरापुढून न थांबता जाऊ लागली आणि किनाऱ्याने ते टिपलं. “सख्ख्या बहिणीचं तेवढं वगळतो बघा!” तोवर निम्मे लोक हसत हसत खिडक्या लावायचे, आता तेही घाबरून लावायला लागले. उघडी राहिली फक्त आक्काची. ती खिडकीत चहा पीत बसायची आणि लाँच दिसली की हात हलवायची.

एका सकाळी भिंग्या तिच्या शेजारच्या कंपाउंडरच्या घराचा फोटो तपासत होता. चुकून कालच्याऐवजी गेल्या वर्षीचा उघडला गेला. त्याने बटण दाबलं. कंपाउंडरचं घर गप्प होतं. पण फोटोच्या अगदी कडेला, आक्काच्या सज्जाचा बोटभर कठडा आला होता, तो पाण्याकडे वाकला. पुन्हा दाबलं, तो सरळ झाला. पुन्हा दाबलं, वाकला. जणू कोणीतरी मान डोलावून पाण्याला ‘ये’ म्हणत होतं.

त्याने लगेच आक्काला फोन लावला. “आक्का, आत्ताच्या आत्ता बाहेर पड. सज्जा कललाय.”

“तीस वर्षं कललाय. मीही कललेय. चहा उकळतोय, ठेव.”

भिंग्या बाहेर आला. “वळव.”

“कुठे?” सारंगाने विचारलं.

“आक्काकडे.”

सारंगाची दोन्ही इंजिनं बंद पडली. “अरे, शपथ आहे ना तुझी?”

“वळव म्हणतो ना!”

लाँच थांबली. आक्का खिडकीत होती. तिने हात वर केला, पण तो हलला नाही, तसाच अधांतरी राहिला. भिंग्याने तिच्याकडे कॅमेरा लावला आणि बटण दाबलं. वर्षभरात पहिल्यांदा त्याच्या फोटोत माणूस आला. कचेरीला तेवढा फोटो पुरे होता.

“आता धक्क्यापर्यंत चल,” तो म्हणाला, “आणि मागे फिर.”

सारंगाने त्याच्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता चाक फिरवलं.

वाफेतून लाँच दुसऱ्यांदा आली तेव्हा खिडकी रिकामी होती, पडदा बाहेर लोंबत होता. आक्का रस्त्यावर उभी होती, अनवाणी, हातात चहाचं पातेलं. शिलाई मशीन, गाद्या, आईचा फोटो, सगळं आत. आणायला जा म्हटलं तर ती पुढे पाऊल टाकेना, आणि दुसऱ्या कोणाला जाऊ देईना.

चौथ्या दिवशी भर दुपारी, लख्ख उन्हात, लाटसुद्धा नसताना, तांदळाचं पोतं उसवावं तसा आवाज झाला. घर गेलं.

आक्का आता भिंग्याच्या खोलीत राहते. जेवायला वाढताना आधी कॅमेऱ्यावर टॉवेल टाकते. “खाल्लंस ना माझं घर?” असं रोज विचारते. भिंग्या म्हणतो, “हो आक्का. भात वाढ.”

खरं इतकंच. लाँच एकूण एकोणीस वेळा मागे फिरली. त्यात चौदा वेळा इंजिनाच्या हादऱ्याने पहिला फोटो हलला होता. ती चौदा घरं आजही उभी आहेत आणि त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. बाकीची पाच घरं लाँच वळण्याआधीच खचलेली होती. पाचवं आक्काचं. त्याचा फोटो रोज निघाला असता, तर नोटीस आठ महिने आधी लागली असती.