कारखानिसांच्या बाहेरच्या खोलीतली माघार

वनमाला कारखानीस छत्तिसाव्या वर्षी मॅट्रिकला बसते म्हणाली, तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये तिच्या तोंडावर कुणी हसलं नाही. हसायचं ते सगळे आपापल्या घरी जाऊन हसले.

मुलुंडला स्टेशनच्या पूर्वेला, घरं संपून मिठागरं सुरू होतात तिथं आमची बिल्डिंग. वनमालाचं दार माझ्या दारासमोर. लग्न झालं तेव्हा तिची शाळा सुटली होती, आणि त्यानंतर तिनं हातात धरली ती सुई. तिनं शिवलेलं पोलकं अंगावर असलं की बाई उगीचच ताठ चालायची. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी असंच एक पोलकं घालून पाहिलं आणि म्हणाल्या, आमच्याकडे शिवणाच्या बाईंची जागा जूनमध्ये रिकामी होते आहे, पण मॅट्रिक असल्याशिवाय मला घेता येत नाही. वनमाला त्या दिवशी घरी आली ती वाटेत भूगोलाचं जुनं पुस्तक विकत घेऊनच.

आता अभ्यास करायचा कुठं आणि कधी? दुपार शिवणकामात जायची. आतली खोली स्वयंपाकाची. तिथं संध्याकाळी जेवणं आटोपली की उत्तरा आणि श्यामसुंदर, तिची दोन मुलं, वळकट्या पसरून झोपत. माझ्याकडे ये म्हणावं तर आमच्याकडे आम्हीच एकमेकांच्या पायात. उरली तिची बाहेरची खोली. तिथं टेबल होतं, बरा उजेड होता. आणि तिथंच रेडिओ होता.

रेडिओ अख्ख्या बिल्डिंगमध्ये तेवढा एकच. तो विद्याधर कारखानिसांनी दिवाळीच्या आधी आणला होता आणि त्याच सुमारास तिकडे सुएझची लढाई पेटली; कालव्यासाठी इंग्रज, फ्रेंच आणि इस्रायल इजिप्तमध्ये घुसले. विद्याधर विमा कंपनीत कारकून. ऑफिसात साहेबापुढे त्यांचा आवाज निघत नसे, म्हणून दिवसभराचा साठलेला सगळा आवाज ते घरी घेऊन येत. संध्याकाळच्या बातम्या ऐकायला दोघेजण नेमानं येत. एक नंदकुमार राजे, खालच्या मजल्यावर एकटा राहणारा, वकिलाच्या कचेरीत नोकरीला. दुसरा बाळा सामंत, मालवणकडचा, पूर्वी गिरणीत होता, आता भांडुपला एका कारखान्यात फिटर. बातम्या पंधरा मिनिटांत संपत. मग वाद सुरू होई, आणि तो मात्र वनमालाला झोप येईपर्यंत चाले.

वाद एकच. परक्या फौजांनी इजिप्तमधून कधी निघायचं? विद्याधरांचं म्हणणं, आत्ताच्या आत्ता, एकही अट न घालता. हे म्हणताना ते टेबलावर मूठ आपटत आणि वनमालाचं भूगोलाचं पुस्तक उडे. नंदकुमारचं म्हणणं, निघावं तर खरंच, पण टप्प्याटप्प्यानं. एकदम निघाले तर मध्ये पोकळी राहते. आधी युनोची फौज तिथं पोचू दे, मग यांनी हळूहळू पाय काढावा. बाळाला सुएझचं विशेष काही नव्हतं. तो दोघांचं ऐकून घेई आणि चहा संपला की म्हणे, "ता सगळा रवांदे. आमच्या गोंयातले पाखले कधी जातले, ता सांगा." गोव्यातल्या पोर्तुगिजांचं उत्तर दोघांकडेही नसे, म्हणून ते पुन्हा सुएझवर येत.

वनमाला आतल्या दाराशी पाटावर बसून, दारातून येणाऱ्या उजेडाच्या पट्टीत बीजगणित सोडवायची. मधून मधून चहाला उठायची. एक दिवस मला म्हणाली, "अगं, इंग्रज-फ्रेंच नाताळच्या आत निघणार म्हणतात. मग हेही थांबतील."

इंग्रज-फ्रेंच खरोखरच नाताळच्या आत निघाले. ती बातमी लागली त्या संध्याकाळी वनमालानं मोठ्या आनंदानं शिरा केला. तिघांनी शिरा खाल्ला, आणि विद्याधर बोटं चाटत म्हणाले, "पण इस्रायलची फौज अजून तिथंच आहे. खरा प्रश्न तर आता सुरू होतो."

तुम्ही म्हणाल, मग तिनं सरळ सांगितलं का नाही, की भाऊजी, मला अभ्यास आहे, आता उठा? असं सांगायची पद्धत आमच्यात नाही. आपल्या घरून निघालेला पाहुणाही 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आलेल्याला 'बसा' म्हणायचं. 'उठा' म्हणायचं असेल तर दुसरा चहा न विचारता पहिल्याची भांडी विसळायला घ्यायची आणि त्याला समजेल अशी आशा करायची. वनमालानं भांडी विसळून पाहिली. नंदकुमार म्हणाला, "वहिनी, सावकाश होऊ द्या चहा, आम्हाला घाई नाही."

मग संक्रांत आली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी वनमालानं हळदीकुंकू ठेवलं. बाहेरच्या खोलीत सतरंजी, मधोमध चौरंग, त्यावर तिळगूळ, अत्तरदाणी, गुलाबदाणी. नंदकुमार नेहमीप्रमाणे जिना चढून आला, उंबऱ्यात थबकला. आत नुसत्या नेसल्या-सवरलेल्या बायका. हळदीकुंकवाच्या खोलीत पुरुषानं पाऊल टाकायचं नसतं. हे नंदकुमारच्या कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात नसलं तरी त्याला ठाऊक होतं. तो आल्या पावली खाली गेला. विद्याधरांनाही जिन्यावरच बसावं लागलं. मिठागरांवरून डासांचे थवे येत होते.

वनमालाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला तो तेव्हाच. हळदीकुंकू संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. बाळाच्या बायकोला, प्रेमाला, तिनं दुसऱ्याच दिवशी म्हटलं, तुझी खोली लहान, तू माझ्याकडेच कर. मग मागच्या विमलाबाईंना म्हटलं. मग ज्यांनी कधी केलं नव्हतं त्यांनाही म्हटलं. एक संपलं की दुसरं. विद्याधर डासांनी फुटलेले पाय खाजवत विचारायला आले, "अगं, हे चालणार तरी कुठवर?"

"रथसप्तमीपर्यंत," वनमाला म्हणाली. "एकदम बंद केलं तर पोकळी राहते."

बेत झकास होता. त्यात खोट एवढीच, की बायकाही जाईनात.

एरवी हळदीकुंकू म्हणजे काय, कुंकू लावायचं, वाण पदरात घ्यायचं आणि पुढच्या घरी. पण इथं पुरुष नसलेली खोली होती आणि तिच्यात रेडिओ होता. प्रेमानं त्याचा कान पिळून गाणी लावली. विमलाबाईंनी पाय पसरले. सासवांच्या, नळाच्या, सुनांच्या गोष्टी निघाल्या. आपापल्या घरी कुणालाच टेकायला जागा नव्हती, ती इथं मिळाली. वनमाला पुन्हा आतल्या दाराशी पाटावर. फरक इतकाच की आता बीजगणित सोडवताना अंगावर ठेवणीतलं पातळ होतं.

"हे तुझे युनोवाले कधी निघायचे?" मी विचारलं.

तिला हसू आलं नाही. परीक्षा तोंडावर आली होती आणि इंग्रजीचं व्याकरण अर्धं राहिलं होतं. शाळेची जागा आता दुसरी कुणी तरी घेणार, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

रथसप्तमीला शेवटचं हळदीकुंकू झालं. बायका उठायच्या बेतात होत्या, म्हणजे उठायच्या गोष्टी बसून बोलत होत्या. बाहेर जिन्यावर तिघेजण परत आत यायला टपले होते आणि इस्रायलवरून त्यांचं जोरात चाललं होतं. नंदकुमार म्हणत होता की हमी मिळाल्याशिवाय त्यांनी निघूच नये. विद्याधर चिडून म्हणाले, चल, कुणालाही विचार, पोरासोरांना विचार. आणि वळून, बायकांना हसवण्यासाठी, आत हाक मारून म्हणाले, "अगं ए, तू सांग. परक्यांनी कधी निघायचं?"

वनमाला उठली. तिच्या हातात गुलाबदाणी होती ती तिनं खाली ठेवली नाही.

"इतके दिवस मी आतून ऐकतेय," ती म्हणाली. "तुम्ही नंदकुमार भाऊजींना विचारता, भाऊजी तुम्हाला विचारतात. जिच्या घरात शिरलेत तिला विचारलंय कुणी? ती म्हणेल तेव्हा निघायचं. आणि मला विचारत असाल तर, आज."

तिकडं इजिप्तला काय वाटलं असेल ते असो, आमच्या जिन्यावर मात्र विद्याधर एक पायरी खाली सरकले. विमलाबाईंनी पसरलेले पाय जवळ घेतले.

"म्हणजे आम्ही?" नंदकुमारनं विचारलं.

"तुम्ही. आणि प्रेमा, तूही गं. राग मानू नका. मला परीक्षेला बसायचंय."

प्रथम बाळाला समजलं. तो चपला घालत म्हणाला, "नंदू, चल. बाई सांगतत तर जावक व्हया." प्रेमा तिळगुळाचा डबा उचलून त्याच्या मागे निघाली. विमलाबाई 'येते हं' म्हणाल्या आणि मग घाईनं दुरुस्त केलं, "परीक्षा झाल्यावर येते."

नंदकुमार मात्र जागचा हलला नाही. त्यानं विचारलं, "पण बातम्यांचं काय?"

वनमाला टेबलाशी गेली, रेडिओची वायर काढली आणि म्हणाली, "हाही न्या."

आता विद्याधरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ते म्हणाले, रेडिओच्या लायसनवर पत्ता या घरचा आहे. नंदकुमारनं कायद्याच्या माणसासारखा विचार केला आणि म्हणाला की तात्पुरतं स्थलांतर आहे, अर्ज मी लिहून देतो. तेवढ्यावर दोघं रेडिओ उचलून जिना उतरू लागले. पुढे नंदकुमार, मागे विद्याधर, आणि त्यांच्या मागे एरियलची जाळी पायरी-पायरीवर आपटत. वनमालानं दार लावलं. आमच्या बिल्डिंगमध्ये संध्याकाळी दार लावायची पद्धत नव्हती, म्हणून तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

मार्चमध्ये इस्रायलची फौजही निघाली. विद्याधर ती बातमी सांगायला धावत वर आले. वनमालाच्या तोंडात पेन्सिल होती. ती म्हणाली, "बरं झालं. पोळ्या झाकून ठेवल्यात, खाऊन घ्या."

भूगोलाच्या पेपरात सुएझवर एक अक्षर नव्हतं. सगळं कॉफी कुठं पिकते यावर होतं. वनमाला तरी पास झाली. थर्ड क्लास, इंग्रजीत तर अगदी काठावर, पण मुख्याध्यापिकाबाईंना क्लासशी कर्तव्य नव्हतं. जून महिन्यात ती डोक्यावर छत्री आणि हातात कात्र्यांची पिशवी घेऊन शाळेत जाऊ लागली. टेबल तिचं तिच्याकडेच राहिलं.

रेडिओ राहिला नंदकुमारकडे. विद्याधरांनी तो मागितला तेव्हा नंदकुमार म्हणाला, द्यायचा तर आहेच, पण एकदम नको, आधी मला दुसरा मिळू दे. श्रावण आला तरी तो दुसरा मिळाला नव्हता. एका संध्याकाळी विद्याधर मुलींच्या शिवणाच्या वह्या तपासत बसलेल्या बायकोसमोर उभे राहिले आणि म्हणाले, तू एकदा बोलून बघतेस का त्याच्याशी?

"रेडिओ तुमचा आहे," वनमाला मान वर न करता म्हणाली. "तुम्हीच सांगा. आज म्हणायचं, बस."

विद्याधर तो एक शब्द पाठ करत असल्यासारखे जिना उतरले. मी दारातच होते. खालून आधी त्यांचा आवाज ऐकू आला, मग नंदकुमारचा, मग कपबशांचा. थोड्या वेळानं सायप्रसमधून इंग्रजांनी कधी निघावं यावर टेबलावर मूठ आपटल्याचा आवाज आला. टेबल नंदकुमारचं होतं.